रोज एक टक्का

डॉक्टर पेंगनी चाचणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. “चाळीस दिवसांपूर्वी रक्तात जेवढं निकोटीन होतं, त्याच्या निम्म्याहून जास्त आजही आहे. याला तुम्ही ठरल्याएवढं कमी केलं म्हणता?”

मी कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. शेजारच्या खुर्चीत बा एका अंगावर वाकून बसला होता, कारण सरळ त्याला बसताच येत नाही. मागे आत्या संत्र्यांची पिशवी धरून उभी होती. संत्री डॉक्टरांसाठी आणली होती, आणि आता ती द्यायची की परत न्यायची, हे तिला समजेना.

बानं तीस वर्षं ग्वांगडाँग प्रांतातल्या इमारतींच्या विटा रचल्या. आता त्याच्या कमरेचे दोन मणके जागेवरून सरकलेत. वसंतात मिरचीच्या वाफ्यात तो पडला, तेव्हापासून उजवा पाय बधिर होत चाललाय. ते मणके स्क्रूनं जोडायचे होते, पण डॉक्टरांची अट होती. तंबाखू पिणाऱ्याचं हाड जुळत नाही. चाळीस दिवसांत पाव हिश्श्यावर आणा, मग पंधरा दिवस पूर्ण बंद, मग ऑपरेशन. बाला त्यांनी त्याच्याच भाषेत सांगितलं होतं, “सिमेंट धरलंच नाही, तर भिंत उभी राहील का, तान दादा?”

रोज एक अख्खं पाकीट ओढणारा माणूस असा एकाएकी थांबतो होय? तेव्हा ही हुशार लेक पुढं सरसावली. मी शेनझेनच्या शाजिंग भागात नोकरी करते. तिथल्या गल्ल्यांमध्ये दुसरं काही बनतच नाही, सगळीकडे विजेच्या सिगारेटी. त्यांच्यावर छोटा पडदा असतो, आणि त्यावर निकोटीनचा किती रस उरलाय त्याचा आकडा दिसतो. तो आकडा दाखवणारा प्रोग्रॅम मी लिहिते. परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यातली एक नळी मी उचलली आणि बाच्या हातात दिली. चव आंब्याची होती.

“ही बायकांची चिलीम दिसतेय,” तो म्हणाला.

“दिसू दे. यात हिशेब सोपा आहे, बा. रोज एकच टक्का, म्हणजे तुझ्या पाकिटाचा पाव हिस्सा. आज शंभर, उद्या नव्व्याण्णव. आकडा उतरला की दिवसभर हात लावायचा नाही.”

आणि त्यानं ते केलं. रोज सकाळी फोनवर त्या पडद्याचा फोटो यायचा. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव. फोटोत बोटं असायची, मागे भाताचा वाडगा असायचा, एकदा तर नुसती कोंबडीच दिसत होती आणि आकडा कोपऱ्यात. जेवणाच्या सुट्टीत मी ते फोटो सगळ्यांना दाखवायचे. माझा बा शब्दाला पक्का, असं चारचौघांत सांगायचे. आज सकाळचा आकडा साठ होता.

मग रक्तात हे कुठून आलं? माझं डोकं तापायला आगपेटी लागत नाही.

“बा, तू सिगारेटी ओढतोयस.”

“नाही गं.”

“मग हे काय भुतानं ओढलं? नळीवर रोज एक टक्का आणि बाहेर धूर वेगळा, होय ना? मला फोटो पाठवायचे आणि पाठीमागं पाकीट फोडायचं!”

“यिंग, मी एकसुद्धा ओढली नाही.”

मी खुर्चीवरून उठले होते. दार उघडं होतं आणि बाहेरच्या रांगेतली माणसं माना वळवून बघत होती. माझा आवाज आणखी चढला. “तुझ्यासाठी मी रात्रभर गाडीत बसून आले, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, आणि तू डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं बोलतोस? लाज नाही वाटत?”

“कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच,” आत्या म्हणाली. “आणि ही तर विजेची नळी. दादा, तरुणपणी वहिनीला पण तू असाच फसवायचास.”

बानं आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्या हातांकडे.

“ओढली असेन,” तो म्हणाला.

“असेन म्हणजे?”

“ओढली. शेजारच्या डेंगकडून घेतली.”

“किती?”

“तू म्हणशील तेवढ्या.”

आत्याला तेवढंच पाहिजे होतं. तिनं तिथल्या तिथं फोन तोंडाशी धरून डेंगच्या बायकोला निरोप धाडला, की तुझा नवरा माझ्या भावाला मारायला निघालाय. डॉक्टर पेंग चष्मा पुसत होते. “यादीतून नाव काढावं लागेल,” ते म्हणाले. “खाट दुसऱ्याला देतो. पुढची तारीख थंडी पडल्यावर. आणि एक सांगून ठेवतो, पाय पूर्ण बधिर झाला तर नंतरच्या ऑपरेशननं तो परत येईलच असं नाही.”

बानं मान हलवली, जशी बसचा थांबा चुकल्यावर माणूस हलवतो.

“ती नळी दे,” मी म्हणाले. त्यानं खिशातून काढून दिली. त्याला आत्याबरोबर खाली पाठवून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. उभी कसली, वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत फेऱ्या घालत होते. एका जागी बसावंसं वाटेना आणि कुठं जावं तेही सुचेना. फोन थरथरला. आमचे मॅनेजर ओउयांग. “नव्या मॉडेलचा आकडा फार भराभर उतरतोय. संध्याकाळपर्यंत दुरुस्त कर. बाप आजारी आहे म्हणून माल थांबत नाही.” मी फोन खिशात कोंबला.

मला पुरावा पाहिजे होता. म्हातारा कबूल तर झाला, पण कसा, तर अर्धवट, तोंडातल्या तोंडात. मला त्याच्यासमोर आकडे मांडायचे होते. या नळीत प्रत्येक झुरक्याची नोंद राहते. तिच्यातून किती थोडं गेलं ते दिसलं, की बाकीचं निकोटीन सिगारेटींचंच. ती बघायची एक चोरवाट मीच ठेवलेली आहे, तपासणीच्या कामासाठी. चार छोटे झुरके आणि एक लांब. मी ओढत नाही. चौथ्या झुरक्याला मला ठसका लागला आणि जिन्यातून जाणारी नर्स माझ्यावर खेकसली, “इथं चालत नाही हे! वाचता येत नाही का?” मी तिला पाठ दाखवली आणि पाचवा झुरका लांब घेतला.

पडद्यावरचा साठ गेला. तिथं चौदा आला.

मी नळी झटकली, जणू झटकून आकडा बदलणार होता. चौदाच.

मग मला कळलं. नळीतला रस कोणी मोजत नाही. माणूस किती सेकंद ओढतो ते प्रोग्रॅम मोजतो आणि तेवढं वजा करतो. तो खरा आकडा, चोरवाटेनं दिसतो तोच. पण खरा आकडा गिऱ्हाइकाला आवडत नाही. तीन वर्षांपूर्वी ओउयांग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, “दुसऱ्याच दिवशी नव्वद दिसलं की माणसाचा जीव कासावीस होतो. सुरुवातीला जरा दमानं उतरू दे.” म्हणून मी एक तक्ता लिहिला. अर्धा रस संपला तरी पडद्यावर ऐंशीच्या वर. मग शेवटी आकडा धाडकन खाली. मी विचारलं होतं, शेवटी तक्रार नाही येणार? ते हसले होते. “शेवटी माणूस स्वतःलाच दोष देतो. म्हणतो, काल मीच जास्त ओढली असणार.” खात्यात आम्ही त्याला समाधानाचा तक्ता म्हणतो. नावसुद्धा मीच ठेवलं.

माझ्या टेबलावरच्या नळ्यांत हा तक्ता बंद असतो, कारण कामाला खरा आकडा लागतो. तीन वर्षं मी रोज खरे आकडे बघत आले आणि बाला दिली ती खोक्यातली, बाजारात जाणारी. रोज एक टक्का म्हणून तो ओढत होता दोन टक्क्यांच्या वर. त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. माझा आकडा खोटा होता. माझ्या बापाला मी चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं.

मी आधी डॉक्टरांकडे धावले. रांग मोडून आत घुसले. एक बाई ओरडली, मी तिला हात जोडले. धापा टाकत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण खोटं कोण बोललं याच्याशी हाडाला काही देणंघेणं नाही. निकोटीन रक्तात आहे ते आहेच.”

“नाव तरी राहू द्या यादीत.”

“तारीख गेली. आजपासून पूर्ण बंद करा, ही नळीसुद्धा. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासतो. तेव्हा काही दिसलं नाही आणि मधे कुणाची खाट रिकामी झाली, तर बघतो. शब्द देत नाही.”

खाली फाटकाजवळ शेवयांची टपरी आहे. बा तिथल्या लाकडी स्टुलावर बसला होता. पुढ्यातला तिखट रश्शाचा वाडगा तसाच निवत चालला होता. आत्या पलीकडे भाववाढीवरून टपरीवालीशी भांडत होती. आणि बा काय करत होता? कोटाचे खिसे बाहेर काढून त्यांची शिवण चाचपत होता. मग त्यानं बोटं नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा खिसा. पुन्हा बोटं.

“बा, काय शोधतोयस?”

“काही नाही.” त्यानं खिसे आत ढकलले. “डेंगला फोन करायला पाहिजे. बायकोनं त्याला घराबाहेर काढलं म्हणतात. आत्ताच आत्याला तिचा उलट निरोप आला.”

“बा, तू ओढली नाहीस.”

त्यानं वाडगा बाजूला सारला.

मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. चोरवाट, चौदा, तक्ता. घाईघाईत अर्धं उलटंसुलटं सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून. लोकांना बरं वाटावं म्हणून आम्ही आकडा फुगवतो, हेही सांगितलं. “तू रोज एकच टक्का ओढलास. माझा टक्काच दुप्पट मोठा होता.”

“म्हणजे डेंगकडून पण नाही घेतली?”

“अरे, तूच तर म्हणालास डेंगकडून म्हणून!”

“तू इतक्या ठामपणे बोलत होतीस.” त्याचा आवाज बारीक झाला. “शिकलेली तू, यंत्र तुझं, कागद डॉक्टरचा. सगळे एका बाजूला. मला वाटलं, ओढत असणार मी आणि विसरत असणार. माझी आई अशीच गेली ना. जेवून उठायची आणि म्हणायची, मला कुणी वाढलंच नाही. डेंगचं नाव का घेतलं, तर तो शेजारी आहे म्हणून. घेतली असली तर त्याच्याकडूनच घेतली असेन. मघापासून आठवून बघतोय, खिसे हुंगून बघतोय. आठवतच नाही.”

मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याचा पाय जाण्याची नाही. अर्ध्या तासात मी या माणसाकडून त्याचं डोकं हिरावून घेतलं होतं, आणि त्यानं ते गुपचूप देऊनही टाकलं होतं.

“मग माझं डोकं ठीक आहे?”

“ठीक आहे, बा. एकदम ठीक.”

“नक्की? यंत्रानं सांगितलं म्हणून, की तू म्हणतेस म्हणून?”

“मी म्हणते.”

त्यानं वाडगा ओढला, शेवया उचलल्या, पण तोंडाशी नेऊन पुन्हा रश्शात सोडल्या. मग खायच्या काड्या खाली ठेवून तो म्हणाला, “आत्याला सांग.”

मी आत्याला हाक मारली. ती मिरचीचा डबा हातात घेऊनच आली. मी खाली बघत पुटपुटले, “आत्या, बानं सिगारेट ओढली नाही. चूक माझी होती.”

“काय? काय म्हणालीस?” आत्या म्हणाली.

“मोठ्यानं,” बा म्हणाला. “मघाशी वर जेवढ्या मोठ्यानं म्हणालीस, तेवढ्या.”

टपरीवाली बघत होती. फाटकातली माणसं बघत होती, त्यांतली काही मघाशी वरच्या रांगेत उभी होती. मी स्टुलावरून उठले.

“माझा बा खोटं बोलला नाही,” मी ओरडले. “खोटं मी बोलले.”