काउंटरवरच्या बाईंविषयी

पेटी दर शनिवारी अकरा वाजता उघडायची, मॅडमच्या खोलीत, तिघांच्या समोर. मॅडम म्हणजे वाचनालयाच्या नव्या मुख्य ग्रंथपाल. बदली होऊन आल्या आल्या त्यांनी दाराजवळ ही अभिप्रायाची पेटी ठोकून घेतली होती. दुसऱ्या ताई, चोवीस वर्षं पुस्तकांच्या देवघेवीचा काउंटर सांभाळणाऱ्या. आणि तिसरा बारकोड. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. चाळिशी उलटलेला, दोन मुलींचा बाप. पण सहा वर्षांपूर्वी पुस्तकांवर रेघांच्या पट्ट्या चिकटवायला आला आणि तेव्हापासून सगळ्यांचा बारकोडच झाला.

चिठ्ठ्या बहुतेक नेहमीच्याच असायच्या. पंखा किरकिरतो. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं कोणीतरी दहाच्या आत पेनाने सोडवून टाकतं, त्याला पकडा. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहिणाऱ्याला जन्मठेप द्या. तिघं हसायचे, मॅडम टिपून घ्यायच्या, आणि चहा यायचा.

त्या शनिवारी मॅडमनी शेवटची चिठ्ठी उघडली, वाचली आणि ताईंपुढे सरकवली. निळ्या शाईत, सुटं सुटं अक्षर काढून लिहिलं होतं:

"काउंटरवरच्या बाईंविषयी. सगळ्यांचं वाचन त्यांना तोंडपाठ आहे. ते त्यांच्यापुरतंच राहावं, ही विनंती."

ताईंनी चहाचा कप बाजूला सारला. कारण नेमकं याच गोष्टीवर त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. कोणी पुस्तक पुढे केलं की त्या बघूनच सांगायच्या, "काका, हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी नेलंय, अर्धं टाकून परत केलंत." लोक थक्क व्हायचे. बारकोडचा संगणक उघडायच्या आत ताईंच्या तोंडून सभासदाचा क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि परतीची तारीख बाहेर पडलेली असायची. आजवर कोणी त्याला नाव ठेवलं नव्हतं.

"मनाला लावून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "पण लक्षात ठेवा."

ताईंनी लक्षात ठेवलं ते वेगळंच. चिठ्ठी वाचली जात असताना बारकोड खिडकीबाहेर बघत होता. चिठ्ठीत काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय माणूस असा बाहेर कशाला बघेल?

पुढच्या शनिवारी दुसरी चिठ्ठी निघाली. तीच शाई, तेच अक्षर. "पुस्तक आपलं आपण नोंदवून नेता येईल असं यंत्र बसवता येईल का?" आता मात्र ताईंच्या मनात पाल चुकचुकली. महिन्याभरापूर्वी हेच यंत्र बारकोडने मॅडमना सुचवलं होतं, अगदी याच शब्दांत! यंत्र आलं म्हणजे काउंटर गेला, आणि काउंटर गेला म्हणजे ताई कुठल्या कोपऱ्यात बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ती चिठ्ठी त्यांनी पर्समध्ये घालून घरी नेली. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावूनच त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"उभ्याने लिहिलंय," तो म्हणाला. "हातावर कागद धरून. बघ, पेन आरपार गेलंय. आणि घाईत."

"बारकोड दिवसभर उभाच असतो."

"अगं, सगळं जगच उभं असतं. कोण कशाला तुझ्या वाईटावर असेल?"

"ज्याला माझी जागा हवी असेल, तो असेल."

नवऱ्याने भिंग काढलं आणि विषय सोडला. ताईंनी सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सभासदांचे जुने अर्ज काढून अक्षर ताडून पाहू लागल्या. रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या निवृत्त कारकुनावर त्यांनी चार दिवस पाळत ठेवली आणि शब्दकोड्याचा चोर तेवढा सापडला. निळं पेन दिसलं की त्यांची मान आपोआप वळायची. कोणी पेटीजवळ रेंगाळलं की त्या घसा खाकरायच्या. त्या आठवड्यात पेटीत एकही चिठ्ठी पडली नाही. मॅडमना आश्चर्य वाटलं, ताईंना नाही.

मग तिसरी आली.

"बाईंनी जे सांगितलं, त्यामुळे माझ्या घरात व्हायचं ते होऊन गेलं. आता पुस्तक घरी नेणं बंद. इथेच वाचावं लागतं. एवढं कोणाला तरी कळावं, म्हणून लिहिलं."

ताईंनी ती तीनदा वाचली. लिहिणारी बाई आहे की पुरुष, याचा पत्ता लागू नये असं एकेक वाक्य बेतलेलं होतं. कुठे 'वाचतो' नाही, 'वाचते' नाही. 'वाचावं लागतं'! असं व्याकरण जपून लिहिणारा माणूस या इमारतीत एकच होता. पुस्तकांच्या यादीत एक वेलांटी चुकली तरी त्याला रात्री झोप यायची नाही.

"मॅडम, हे सगळं हाच लिहितोय," ताई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. "यंत्र आणायचंय ना त्याला. मला बाजूला करायचंय. समोरासमोर बोलायची धमक नाही, म्हणून पेटीत तोंड घालतोय."

बारकोडचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, पुन्हा बसला.

"ताई, मी आलो तेव्हा मला काडीचं कळत नव्हतं," तो म्हणाला. "हे काम तुम्हीच शिकवलंत मला."

"म्हणून तर."

"पुरावा आहे का काही?" मॅडमनी विचारलं.

पुरावा नव्हता. मॅडमनी दोघांनाही कामाला जायला सांगितलं. बारकोडने आपलं टेबल ओढत मागच्या खोलीत नेलं आणि त्या दिवसापासून काउंटरकडे यायचं झालं तर तो बाहेरून वळसा घालून येऊ लागला. ताईंनी स्वतःला समजावलं, चोराच्या मनात चांदणं असतं ते असं. पण जेवणाच्या सुट्टीत एकटीने डबा उघडताना त्यांना ते फारसं पटत नव्हतं.

आठवड्याभराने कायद्याच्या पुस्तकांचं रॅक लावताना त्यांचा हात मागच्या रांगेत गेला. तिथे एक पुस्तक आडवं दडवून ठेवलेलं होतं. नवरा-बायकोने वेगळं होण्याच्या कायद्याचं, दोनशे पानांच्या पुढचं. मध्ये खूण घातलेली होती. ताईंनी ते होतं तसं ठेवलं. पुढच्या गुरुवारी सकाळी खूण जागची हलली नव्हती, शुक्रवारी पाहिलं तर ती तीस पानं पुढे सरकली होती. त्यांनी ती ओढून पाहिली. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या घालून देतात, तसलं छोटं कागदी पाकीट. वर दुकानाचा शिक्का.

शिक्का पाहिला आणि ताईंनी पाकीट मुठीत धरलं. त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

त्यांना सगळं आठवलं. आठवणारच. चार महिन्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारचे साडेचार. त्या दुकानाचा औषधवाला बायकोची पुस्तकं परत करायला आला होता, एक भरतकामाचं आणि एक कादंबरी. ताईंनी हसत हसत म्हटलं होतं, "वहिनी वकील होणार वाटतं! गेल्या खेपेला कायद्याचं पुस्तक नेलं होतं." तोही हसला होता. "असं? कुठलं हो?" आणि ताईंनी नाव सांगितलं. नुसतं नाव नाही. नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, मधली मुदतवाढ, सगळं घडाघडा. त्याने "वा, काय स्मरणशक्ती आहे!" म्हटलं होतं, आणि त्या दिवसभर फुशारल्या होत्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्या रॅकमागे जाऊन उभ्या राहिल्या. तीनच्या सुमाराला औषधवाल्याची बायको आली. हातात भाजीची पिशवी, पायांत घाईने चढवलेल्या चपला. ती सरळ त्या रॅकपाशी गेली, मागच्या रांगेत हात घातला आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. मधूनमधून पिशवीतल्या कागदावर निळ्या पेनाने काही उतरवून घेत होती.

"वहिनी," ताई हळूच म्हणाल्या.

तिच्या हातून पुस्तक पडलं. तिने मागे पाहिलं आणि तिचे खांदे एकदम खाली आले.

"पकडलंत शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, पेटीवर नजर ठेवून असता. आता हेही सांगणार त्यांना?"

ताईंनी नुसत्या मानेने नाही म्हटलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच.

"काय केलं हो त्यांनी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"विचारता कशाला? उद्या ते कुणाला सांगायचं असेल." ती थांबली. मग पुस्तक उचलून झटकत म्हणाली, "मारलं-बिरलं नाही. ओरडलेही नाहीत. माझं वाचनालयाचं कार्ड काढून घेतलं आणि घराची किल्ली. भाजी आणायला गेले तर किती वाजता गेले, किती वाजता आले, लिहून ठेवतात. गुरुवारी माल आणायला जातात, तेवढा एक तास माझा. त्यातला अर्धा रस्त्यात जातो."

"मी गमतीने म्हटलं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर तुमचं नाव नाही लिहिलं चिठ्ठीत. नाहीतर मी वर्तमानपत्रात देणार होते."

ताईंनी खाली पाहिलं. "इथे बसायला एक टेबल लावून देते," त्या म्हणाल्या. "आतल्या बाजूला. दारातून दिसणार नाही."

तिने पुस्तक पुन्हा मागच्या रांगेत दडवलं. विश्वास बसला असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. पण टेबल नको, असंही ती म्हणाली नाही.

मॅडमनी टेबलाला परवानगी दिली. कशासाठी, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "लोकांना उभ्याने वाचावं लागतं, बरं दिसत नाही." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आणि मॅडम, त्या चिठ्ठ्या बारकोडच्या नव्हत्या. मी चुकले. त्याच्यासमोर सांगायचंय मला."

बारकोडला बोलावलं. ताईंनी सांगितलं.

"मग कोणाच्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

बारकोड पहिल्यांदाच काहीसा हसला, पण ते हसणं गोड नव्हतं. "आधी पुराव्याशिवाय चोर ठरवलंत, आता पुराव्याशिवाय साव. बरं आहे." आणि तो मागच्या खोलीत निघून गेला. ताईंनी ते गिळलं. खुलासा करायचा तर वहिनींचं नाव घ्यावं लागणार होतं.

सोमवारी औषधवाला आला. हातात पुस्तक नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर दुकानातलं ठेवणीतलं हसू.

"काय ताई, बरं आहे ना? आमची ही येते का हो इकडे? गुरुवारी वगैरे?"

ताईंनी शाईचा शिक्का पुढे ओढला. "सभासदांची माहिती देत नाही आम्ही आता."

"अहो, मी काय परका आहे? आणि तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असतं."

"असायचं. वय झालं."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बारीक झाले. तो ताईंकडे बघत होता आणि ताई शाईच्या शिक्क्याकडे. मग त्याने आत वाकून आवाज दिला, "अहो साहेब, संगणकात बघता का जरा?"

बारकोड दारात आला. त्याने आधी औषधवाल्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. ताईंनी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"मॅडमकडे लेखी अर्ज द्या," बारकोड म्हणाला. "कारण लिहा, खाली सही करा. सभासदालाही विचारू, मग बघू."

"एवढ्याशासाठी अर्ज?"

"नियम आहे."

अर्ज औषधवाल्याने केला नाही. जाताना पेटीपाशी थांबून तिच्या फटीत डोकावून मात्र गेला.

वहिनी त्यानंतर तीनच गुरुवार आली. आतल्या टेबलाशी बसून तिने पुस्तक संपवलं. तिसऱ्या गुरुवारी निघताना काउंटरशी आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाली, "उद्या ते दुकानात असताना भाऊ येतोय न्यायला. माझं नाव काढून टाकाल तुमच्याकडून? काय काय नेलं होतं, तेही सगळं."

"काढते."

"नक्की?"

"नक्की."

'कुठे जाताय' हे ताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. वहिनी पिशवी सावरत निघाली. दारात तिने एकदा मागे वळून पाहिलं, तेही ताईंकडे नाही, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे.

नाव काढायचं काम ताईंना येत नव्हतं. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि सभासद क्रमांक लिहिलेला कागद बारकोडच्या पुढे ठेवला.

"हे खातं बंद करायचंय. आतल्या नोंदींसकट."

बारकोडने क्रमांक टाकला. पडद्यावर नाव आलं, त्याखाली पुस्तकांची यादी. भरतकाम, भरतकाम, कादंबरी, आणि मध्येच ते एक. तो यादीकडे बघत राहिला. मग त्याने तारखा पाहिल्या. त्या सोमवारी आलेला हसरा माणूस त्याला आठवला असावा, कारण त्याने हळूच खुर्ची वळवून खोलीचं दार लोटून घेतलं.

"ताई, ही नोंद कायमची जाईल. कोणी मागितली तरी परत आणता येणार नाही."

"जाऊ दे."

त्याने बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. ताईंनी क्रमांकाचा कागद उचलून त्याचे तुकडे केले, मग त्या तुकड्यांचेही तुकडे केले.

"मला तेव्हाच सांगायला हवं होतंत," बारकोड म्हणाला.

"मी कसं सांगणार होते?"

त्याने लोटलेलं दार उघडलं. बाहेर काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवली, मग पुन्हा वाजवली.

"जा," तो म्हणाला. "मी येतो दोन मिनिटांत. गर्दी झालेली दिसते."