बाबांचा ताप

बाबा रात्री फार प्यायले की सकाळी छापखान्यात फोन मी करायचे : "बाबांना ताप आहे." अकरा वर्षं केले. एका सकाळी मात्र त्यांनीच फोन माझ्याकडून ओढून घेतला.

"वा! आज आजारी स्वतःच बोलतोय," फोरमन हसला. "ताप किती?"

"ताप नाही साहेब, दारू. उद्या शुद्धीत येतो. मग ठेवा नाहीतर हाकला."

फोरमनने शिव्या घातल्या, पण कामावर ठेवलं. त्यानंतर बाबांनी थेंबाला हात लावला नाही. यकृत तोवर कामातून गेलं होतं. आठ महिन्यांत बाबाही गेले.

पहिला फोन मी केलाच नसता तर? हे त्यांना विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.