शिशाला नारळ

मलकापूरच्या वर, डोंगराला लागून आमची वस्ती आहे. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून माझा पुतण्या गणपती याच्याकडे ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. शिशाच्या गोळ्या घरीच ओतल्या तर स्वस्तात पडतील, असं त्याच्या डोक्यात आलं. मला ते काम येतं, म्हणून त्यानं मला शिकवायला सांगितलं. "रविवारी येतो. तोवर हात लावू नकोस," एवढंच मी म्हणालो होतो.

रविवारी गेलो, तर पठ्ठ्यानं आधीच सुरुवात केलेली.

मागच्या अंगणात विटांची चूल, तिच्यावर कढई, कढईत आरशासारखं वितळलेलं शिसं. शेजारी शिशासाठी फोडलेली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. आणि कढईपासून हातभर अंतरावर त्याची सात वर्षांची पूर्णिमा. तिच्या हातात तांब्या, तांब्यात नुकत्याच फोडलेल्या नारळाचं पाणी.

"ओत बाळ, लक्ष्मीच्या हातनं सुरुवात," गणपती म्हणाला.

मी धावलो. तांब्यावर असा फटका मारला की तो गोठ्यापर्यंत घरंगळत गेला. पूर्णिमा भोकाड पसरून आईकडे पळाली.

"आबा! डोकंबिकं फिरलं काय तुमचं?" गणपती ओरडला. "नव्या कामाला नारळाचं पाणी नको? बोअर मारताना तुमीच शिंपडलासा की!"

"बोअर आणि तापलेलं शिसं एकच व्हय रं, गाढवा?"

"सकाळी सकाळी अपशकुन केलासा. जरा पाण्यानं काय हुतंय?"

"दावतो तुला काय हुतंय ते. व्हा समदी मागं!"

सगळ्यांना गोठ्याच्या भिंतीआड ढकललं. लांब वेळूच्या टोकाला चिंधी बांधली, ती भिजवली, आणि भिंतीआडूनच कढईत खुपसली.

फाडकन आवाज झाला. बाहेर येऊन पाहिलं, तर चुलीसमोरच्या पत्र्याच्या दारावर शिशाचे शिंतोडे चिकटलेले.

गणपतीची बायको अंजना दाराजवळ गेली. पूर्णिमेच्या डोळ्यांइतक्या उंचीवर तिनं आपला हात धरला. शिंतोडे बरोबर तिथंच होते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आबा, पाण्यानं असं का केलं?" पूर्णिमेनं हुंदके देत विचारलं.

राग बाजूला ठेवून मी पोरीसमोर उकिडवा बसलो. "पाणी शिशाच्या पोटात गेलं की त्याची लगेच वाफ हुती, बाळ. वाफंला लई जागा लागती. मग ती शिसं भिरकावून देती."

"मग पप्पांना कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगणारा आज येणार हुता. तेवढा दम निघाला न्हाय तुझ्या बापाला."

गणपतीनं मान खाली घातली. मग चाचरत म्हणाला, "आबा, शिसं तापलंच हाय. आता शिकवा की."

एवढं होऊनही! मी चुलीतली लाकडं ओढून बाजूला फेकली. "हात लावशील तर बघ!"

शिसं गोठेपर्यंत मी कढईजवळून हललो नाही. गणपती चहा घेऊन आला. मी घेतला नाही.