परक्या बाईची नोकरी

नोकरी काय करता, असं कुणी विचारलं की लोक सांगतात, मी शिकवते, मी कपडे शिवते. तिला असं चटकन सांगता येत नसे. तिची नोकरी परकं असण्याची होती.

कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक खोली होती. खाली सतरंजी, खेळण्यांची टोपली, दोन खुर्च्या आणि एका भिंतीला मोठा आरसा. आरशापलीकडे मानसशास्त्राच्या मॅडम बसत. त्यांना इकडचं सगळं दिसे, इकडून त्या दिसत नसत. एखादी आई वर्षा-सव्वा वर्षाचं मूल घेऊन यायची. मूल खेळात रमलं की हिने आत जायचं. आधी गप्प बसायचं, मग आईशी दोन शब्द बोलायचे, मग हळूच मुलाजवळ सरकायचं. तेवढ्यात आई उठून बाहेर जायची आणि मूल भोकाड पसरायचं. हिने समजूत घालायची. आई परत आली की मात्र हिने गुपचूप उठायचं, बाहेर पडायचं आणि दार लावून घ्यायचं.

पुढचं मॅडम बघत. मूल धावत बिलगतं, तोंड फिरवतं, की कडेवर बसून आईलाच चापट्या मारतं? "मुलाचा आईवर किती भरवसा आहे, ते आई जाताना नाही, परत येताना कळतं," मॅडम म्हणायच्या. परकी बाई जाताना मूल काय करतं, ते कुणी बघत नसे. बघण्यासारखं काही नसायचंच. एकाही पोराने तिच्यासाठी मान वळवली नव्हती.

मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आसपासच्या लेकरांशी ओळख वाढवू नका. उद्या त्यांतलंच कुणी इथे येईल. ओळख झाली की तुम्ही आमच्या कामातून गेलात."

तिने ते पाळलं. समोरून बाबागाडी आली की ती दुकानाच्या पाट्या वाचायची. लिफ्टमध्ये शेजारचं बाळ हसलं की पिशवीत किल्ली शोधायची. नवरा गेल्यावर घर गप्प झालं होतं, या नियमाने रस्ताही गप्प झाला. तिच्याशी रोज बोलणारा एकच माणूस, कॉलेजचा शिपाई. "या परक्या बाई! ओळखलं नाही बरं का!" वर्षानुवर्षं तोच विनोद आणि ती रोज हसायची. न हसून सांगते कुणाला?

मग दूर देशी राहणारी लेक पोरीला घेऊन माहेरी आली. नात तिने आतापर्यंत फोनवरच पाहिली होती. जावयाची बदली आणखी लांब होणार होती. यानंतर दोन-तीन वर्षं येणं नव्हतं. एवढ्याशा वयातली ओळख म्हणजे पाण्यावरची रेघ, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी तिला एकच हवं होतं. जाण्याआधी एकदा तरी पोरीने तिला आपलं म्हणावं.

आजीला बघताच पोरीने घर डोक्यावर घेतलं. लेक ओशाळली. "अगं वेडे, आजी आहे ती!"

"रडू दे. या वयात परकं माणूस ओळखता येणं चांगलं लक्षण आहे."

"आई! तू कशी परकी?"

ती उठून पाणी आणायला आत गेली.

तिने आपल्या रीतीनेच सुरुवात केली. घाई नाही, उचलाउचली नाही. खाली बसायची, लाकडी चमचा रुमालाखाली लपवायची आणि दुसरीकडे बघायची. पोर रुमाल ओढून चमचा काढायची. दिसेनासं झालेलं नाहीसं होत नाही, एवढं तिला कळू लागलं होतं. रोज वीतभर जवळ यायची. तेवढ्यात लेक खोलीत यायची आणि खेळ मोडायचा.

निघायच्या दिवशी लेकीचा बांध फुटला.

"आई, खरं सांग. मी नकोशी झालेय का तुला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग मी खोलीत आले की तू उठून का जातेस? वर दार लावून घेतेस! पहिल्या दिवसापासून बघतेय मी. लांब गेले, त्याचा राग ना?"

"मी उठून जाते?"

"आत्ता काय करतेयस?"

तिने पाहिलं. ती दारात उभी होती आणि हात कडीवर होता.

"अगं, आई आली की मी जायचं असतं," ती पुटपुटली.

"कोण म्हणालं?"

"पगार देणारे."

लेक आधी हसली, मग हसू ओसरलं. "जित्याची खोड आहे ही. बस इथे. मी आत-बाहेर करते, तू हलायचं नाहीस."

लेक बाहेर जाऊन परत आली. खुर्चीचे हात घट्ट धरून आजी बसून राहिली, तरी पाय आपोआप उठू पाहत होते. पोर धावत आईला बिलगली. आजीकडे तिने पाहिलंही नाही. पाहणार नव्हतीच. पण आजवर हे दाराआड घडायचं. बसून राहिलं की बघावंही लागतं.

खाली गाडी आली. पोरीची पाण्याची बाटली आणायला ती स्वयंपाकघरात गेली आणि जाताना हाताने दार लावलंच.

दारावर थाप पडली. अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर. मग आणखी एक.

"आई, दार उघड गं!" दारापलीकडून लेक म्हणाली. "मी इथेच बसलेय, तरी ही तुझ्यामागे का धावतेय?"

बाटली तशीच ओट्यावर ठेवून तिने दार उघडलं. पोरीने मान वर करून तिचं तोंड नीट निरखलं आणि हातातला लाकडी चमचा पुढे केला. तिने तो घेतला. मांडीवर घ्यायला वेळ उरला नव्हता.

सुट्टी संपल्यावर ती कामावर गेली. एक आई आली, गेली, परत आली. ती गुपचूप उठली, बाहेर पडली आणि दार लावून तिथेच थांबली. आत मूल आईच्या गळ्यात पडून हुंदके देत होतं. दाराकडे कुणी येणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"काय परक्या बाई," शिपाई म्हणाला, "आत काही विसरलं का?"

"नाही," ती म्हणाली, पण कडीवरचा हात काढायला तिला थोडा वेळ लागला.