जात्याचा वरचा दगड, एक नग

"भाऊ, हा दगड बी जाते का?" सरिता मेश्रामनं यादीवरचं बोट न उचलता विचारलं. "चौदा नंबर. जात्याचा वरचा दगड, एक नग."

मुजफ्फरभाई यंत्राखाली उताणे पडून बोल्ट आवळत होते. पाना हातातच थांबला. "कोनत्या यादीत हाय?"

"करारातल्या. परिशिष्ट ब. यंत्र, त्याचे जुने नमुने, साचे, चाचणीचे सुटे भाग, सारं कंपनीले. उद्या अकराले ट्रक येऊन राह्यला."

"दगड घेऊन कंपनी काय करन?"

"थे मले काय मालूम. नंबर हाय म्हून यादीत हाय." केंद्राचं स्टोअर सरिता सांभाळायची. तिनं वाकून दगडावरची धूळ फडक्यानं झटकली. "पंच्याण्णव, तिरपी रेघ, सतरा. अक्षर पहा किती ठसठशीत. कोनं टाकला होता हा नंबर?"

"मीच," मुजफ्फरभाई म्हणाले आणि पुन्हा यंत्राखाली सरकले. बोल्ट केव्हाच आवळून झाला होता, तरी ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल आणि सिंदेवाही या गावांच्या मधे, सागाच्या जंगलाला पाठ लावून विद्यापीठाचं एक वनोपज केंद्र होतं. मुजफ्फरभाई तिथे अठ्ठावीस वर्षं फिटर. येत्या ऑगस्टात, म्हणजे दोन हजार पाचच्या ऑगस्टात, रिटायर होणार. माणूस कामाला वाघ, पण मागायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. केंद्रातला एक खिळा त्यांनी कधी घरी नेला नाही, आणि घरचा खिळा केंद्रात राहिला तर तो परत मागितलाही नाही. आता याला सज्जनपणा म्हणायचं की भित्रेपणा, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांचं स्वतःचं मत त्या दिवशी दुपारपर्यंत पक्कं झालं होतं, आणि ते फारसं चांगलं नव्हतं.

कारण तो दगड केंद्राचा नव्हताच. तो त्यांच्या बायकोच्या जात्याचा होता.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. विभागप्रमुख डॉक्टर उराडे यांनी चारोळी फोडायचं यंत्र करायला घेतलं होतं. चाराच्या झाडाची ती बी गोटीसारखी कडक, आणि आतला दाणा नाजूक. जंगलातल्या बाया एकेक बी दगडावर ठेवून फोडायच्या, निम्मे दाणे तुटायचे, बोटं ठेचायची ती वेगळीच. उराडे साहेबांनी लोखंडी रूळ बसवून पाहिले, तर चारोळीचं पीठ झालं. नागपूरहून चक्कीचे दगड मागवले, तर भुगा झाला. वर्षभर हेच चाललं. मुजफ्फरभाई रोज संध्याकाळी मूलला घरी जाऊन हेच पुराण नाहीदला सांगायचे.

नाहीद एक दिवस कंटाळली. म्हणाली, "तुम लोगां इतने पढ़ेलिखे, और चिंदी का काम नहीं मालूम?"

तिनं माहेरचं जातं पुढे ओढलं. वरचा दगड उचलला, खालच्या दगडातून वर आलेल्या खिळ्याला कापडाची एक चिंदी गोल गुंडाळली आणि वरचा दगड पुन्हा बसवला. डाळ भरडताना बाया करतात तेच. दगड चिंदीवर जरासा अधांतरी राहतो, दाण्यापुरती जागा सुटते आणि बी अडलंच तर दगड दबून वर-खाली होतो. शीरखुर्म्यासाठी ती दर ईदेला अशीच चारोळी फोडायची. आदल्या रात्री भिजवून वाळवलेली मूठभर बी तिनं घातली, खुंटा धरला आणि नवऱ्यालाही धरायला लावला. अर्धा फेरा ती ओढायची, उरलेला अर्धा ते. बी फुटली, दाणे सगळे आख्खे.

दुसऱ्या दिवशी मुजफ्फरभाईंनी वरचा दगड सायकलच्या कॅरिअरला बांधला. नाहीद दारात उभी होती. म्हणाली, "ईद के पहले वापस लाना."

यंत्र चाललं. चिंदीच्या जागी रबराची चकती आली, जात्याच्या जागी नवा दगड आला, पण टाकी मारली ती नाहीदच्या दगडासारखीच, तशाच रेघांची. उराडे साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या केंद्राला चहा पाजला. ईदेला अजून आठ दिवस होते. त्याच आठवड्यात ऑडिट आलं.

ऑडिट म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी खात्यात वर्षं काढली नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. वर्कशॉपमध्ये जे जे आहे, त्यावर डेड स्टॉकचा नंबर पाहिजे. नंबर नसलेली वस्तू दिसली की साहेबाला खुलासा. मुजफ्फरभाई घाबरले, स्वतःसाठी नाही, साहेबासाठी. "माझ्या घरचा आहे," एवढं म्हणायचं होतं. ते सोडून त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि बायकोच्या दगडावर स्वतःच्या हातानं नंबर घातला. रजिस्टरमध्ये नोंदही केली. ऑडिटवाल्यांनी दगडाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही.

नाहीदनं त्या ईदेला शेजारणीचं जातं आणलं. पुढच्या ईदेलाही. समोरून उरलेला अर्धा फेरा ओढायला मुजफ्फरभाईच बसायचे. "लाता हूं," ते म्हणायचे. साहेबांना विचारू, सवडीनं विचारू. सहा-सात ईदी अशाच गेल्या आणि दोन हजार एकमध्ये नाहीद काविळीनं गेली. मुलगी आफ्रीन लग्न होऊन भंडाऱ्याला. घरात आता मुजफ्फरभाई, आणि कोपऱ्यात जात्याचा खालचा दगड, मधे खिळा घेऊन उघडा बसलेला. झाडू मारताना तो रोज पायाला लागायचा. उचलून ठेवायला काही हरकत नव्हती, पण त्यांनी उचलला नाही.

दुपारी सरितानं जुनं रजिस्टर काढलं आणि तिचं बोट अडलं. "भाऊ, इथी पहा. कोनाकडून मिळालं, तर सौ. नाहीद मुजफ्फर शेख, मूल. विनामूल्य. ह्या भाभी काय?"

मुजफ्फरभाईंनी मान हलवली.

"मंग तुमी सायबाले सांगत काऊन नाई? जा ना. मी यादी थांबवून ठेवतो."

उराडे साहेबांच्या खोलीत पेटंटचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं होतं. त्यावर तीन नावं, तिन्ही डॉक्टर. मुजफ्फरभाईंचं नाव त्यात नव्हतं, आणि आपलं नाव तिथे असावं असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण त्या दिवशी फ्रेमकडे पाहताना त्यांना एवढं जाणवलं, की सबंध विद्यापीठात नाहीदचं नाव एकाच जागी आहे, डेड स्टॉक रजिस्टरात, आणि उद्या त्यावर लाल रेघ पडणार.

"साहेब, तो चौदा नंबर..." त्यांनी सुरुवात केली आणि कसंबसं सगळं सांगितलं. चिंदी सांगितली, ईद सांगितली, नंबर सांगितला.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. "मुजफ्फर, अरे, हे तू मले पंच्याण्णव साली काऊन नाई सांगितलं? एका ओळीचं काम होतं. मीच गाडीत टाकून तुझ्या घरी पोचवला असता."

"जमलं नाई, साहेब."

"आता करारावर कुलगुरूंची सही झाली. चौदा नंबर काढला तर वकील विचारन, काऊन काढला. मी आता एक खिळा बी हलवू शकत नाई." त्यांची नजर फ्रेमकडे गेली. मग हळूच म्हणाले, "तुझं नाव पायजे होतं तिथी. राहून गेलं."

"नाव नाई पायजे साहेब. दगड पायजे होता."

असं म्हणून ते बाहेर आले. पोर्चमध्ये उभं राहून ते पाणी प्यायले. एका ओळीचं काम होतं, हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना. साहेबांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या वेळीही नाहीच म्हटलं असतं, अशी मनाची समजूत तरी घालता आली असती.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. चंद्रपूरच्या एमआयडीसीतली कंपनी होती. सोबत त्यांचा इंजिनिअर साठवणे, हातात विद्यापीठानं दिलेली जाडजूड फाईल. ताब्यात घेण्याआधी यंत्र चालवून पाहायचं ठरलं. साठवणेंनी फाईल उघडून अंतर मोजलं, स्क्रू फिरवले, बटण दाबलं. तागाच्या पोत्यावर अर्ध्याअधिक चारोळीचे तुकडे पडले.

"कागदाप्रमाणेच केलं ना आपण?" साठवणे म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले. दुसऱ्या खेपेला तर दाणे आणखीच तुटले. उराडे साहेब रुमालानं मान पुसत होते.

मुजफ्फरभाई भिंतीला टेकून उभे होते. बोलले नसते तर कोणी त्यांना विचारलंही नसतं. पण बिघडलेलं यंत्र डोळ्यांदेखत तसंच राहू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते पुढे आले, बी दाताखाली धरून पाहिली. "बी लय सुकली हाय. मे महिना हाय, साहेब. मे मधी चकती अर्धीच कसाची, पावसाळ्यात पुरी. आन चकतीखाली सायकलच्या ट्यूबची एक पट्टी टाका, तिले दबाले जागा पायजे." बोलता बोलता त्यांनी पट्टी कापली, बसवली, बटण दाबलं. पोत्यावर आख्खे दाणे घरंगळत आले.

साठवणेंनी मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिले. "हे फाईलीत कुठेच नाही."

"कोनी विचारलं नाई. लिहून घ्या तुमी." आणि त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. बी किती वेळ भिजवायची, दगडाला टाकी केव्हा मारायची, सगळं.

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?"

"आमच्या घरच्यायनं."

साठवणे हसले. "काका, तुम्ही आमचा अख्खा हंगाम वाचवला. सांगा, काय देऊ तुम्हाला?"

सरितानं मुजफ्फरभाईंकडे पाहिलं, आणि तिनं भुवई अशी उडवली, की आता नाही बोललात तर मीच बोलते. हातातला पाना मुजफ्फरभाईंनी एकदा या हातात घेतला, एकदा त्या हातात.

"थो दगड," ते म्हणाले. "चौदा नंबर."

"हा जात्याचा?" साठवणेंनी बुटाच्या टोकानं दगड जरासा हलवला. "घेऊन जा ना. आमच्याकडे भंगारातच पडला असता. कागदावर आम्हाला मिळाला म्हणून सही करतो, पुढे तुमचा."

झालं. दोन शब्दांत झालं. दहा वर्षं जे छातीवर घेऊन माणूस निजला, ते दोन शब्दांचं होतं. मुजफ्फरभाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना त्या क्षणी भर दुपारी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडावंसं वाटलं. ते रडले नाहीत. सरिता म्हणेल तिथे त्यांनी सह्या केल्या.

सरितानं नोंदीवर लाल रेघ मारली. कंपनीस हस्तांतरित. रेघ मारताना तिनं हात अर्ध्यातच उचलला. 'जात्याचा वरचा दगड' कापला गेला, 'कोणाकडून मिळाले' हा रकाना तसाच राहिला.

फाटकाबाहेर जायचं तर दगड ट्रकमधूनच जायला हवा होता, पास तसाच बनला होता. म्हणून मुजफ्फरभाई सायकलसकट ट्रकमध्ये बसले. मूलच्या नाक्याशी ड्रायव्हरनं त्यांना उतरवलं. तिथून त्यांनी दगड कॅरिअरला बांधला आणि सायकल हातानं ढकलत घरी नेली.

घरी आल्यावर त्यांनी आधी हातपाय धुतले. मग तारेच्या ब्रशनं नंबर घासला. पंच्याण्णव निघालं, सतरा काही पुरतं निघेना, तेव्हा तो नाद सोडला. दगड उचलून त्यांनी खालच्या दगडावर ठेवला, आणि तो एका बाजूला कलंडला. मधलं भोक मोठं होतं. यंत्राचा दांडा बसावा म्हणून त्यांनी स्वतःच ते कोरून मोठं केलं होतं, हे इतक्या वर्षांत ते विसरूनच गेले होते.

चिंदी हवी होती. ते घरभर हिंडले. नाहीदचे कपडे चाळिसाव्या दिवसानंतर आफ्रीननं वाटून टाकले होते, एक ओढणीसुद्धा मागे नव्हती. शेवटी त्यांनी खिशातला रुमाल काढला, तेलाचे डाग पडलेला, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि एकावर एक खिळ्याला गुंडाळल्या. सहा पट्ट्या लागल्या. मग वरचा दगड बसला, हलेना डुलेना.

गेल्या आठवड्यात जंगलातल्या बुधरीबाईनं त्यांना घरासाठी म्हणून चारोळीची बी दिली होती. त्यातली भिजवून वाळवलेली मूठभर त्यांनी आणली, जात्यापाशी मांडी घातली, बी घातली आणि खुंटा धरला. अर्धा फेरा ओढला आणि त्यांचा हात थांबला. समोरून कोणी ओढेल म्हणून थांबला, सवयीनं.

थोड्या वेळानं त्यांनी पुढे वाकून उरलेला अर्धा फेराही स्वतःच ओढला. दाणे आख्खे आले.

पुढच्या फेऱ्याला हात पुन्हा तिथेच थांबला.