शिवणयंत्राच्या खुर्चीवरचे लाइफ जॅकेट

फोमचा तुकडा बोटाने दाबला की त्यात खळगा पडतो. बोट उचलले की खळगा हळूहळू भरून येतो, कारण आतले बारीक बुडबुडे पुन्हा फुगतात. पण तोच तुकडा वर्षानुवर्षे दाबून ठेवला, तर बोट उचलल्यावरही खळगा तसाच राहतो. बुडबुड्यांतली हवा तोवर झिरपून गेलेली असते. वरून पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही.

मित्रांनो, हे मी ऐकीव सांगत नाही. मी एक जुने लाइफ जॅकेट आहे. माझा नारिंगी रंग अजून टिकून आहे, पट्टे शाबूत आहेत, बकलेही टक् करून बसतात. बिघडले आहे ते आत.

एका लांबलचक कारखान्यात फोमच्या पांढऱ्या लाद्या कापून, कापडात भरून मला शिवले गेले. शेवटी एका माणसाने मला लोखंडी वजन बांधून हौदात सोडले. मी वर राहिले. त्याने मान डोलावली आणि माझ्यावर शिक्का मारला. माणसाचे बहुतेक ओझे पाणीच पेलते. नाकतोंड वर राहील एवढा आधार मी द्यायचा असतो. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड आकाशाकडे वळवणे, हे माझ्या मानेमागच्या उशीचे काम. एवढ्यासाठीच माझा जन्म आहे.

मला विकत घेतले ते बर्फाच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणाऱ्या एका माणसाने. दिवसभर गारठ्यात काम करणाऱ्या त्या माणसाला उबदार समुद्राचे वेड होते. त्याने दोघांना बसता येईल अशी कयाक घेतली. कयाक म्हणजे अरुंद, हलकी, वल्ह्याने चालवायची होडी. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचा मेहुणा ती घेऊन मासे धरायला जात. मेहुणा वायरमन होता. तो पुढे बसून वल्ही मारी, आणि हा मागे बसून हुकूम सोडी. म्हणून मेहुण्याने त्याचे नाव ‘कप्तान’ ठेवले होते. बोटीवर माणसे दोन आणि त्यातला एक कप्तान, तेव्हा खलाशी कोण हे विचारायची सोय नाही, असे तो सगळ्यांना सांगत असे.

एकदा खाडीच्या तोंडाशी आडवी लाट आली आणि कयाक पालथी झाली. कप्तानाच्या कपाळावर वल्हे बसले. तो सुन्न झाला, हातपाय हलवेना. मेहुणा पोहत येईपर्यंत त्याचे तोंड मी पाण्याबाहेर धरून ठेवले. त्यानंतर घरात मला मानाची खुंटी मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवले जाई. मी तेव्हा फार फुगले होते, आणि ते अगदी खरे फुगणे होते.

मग कामे वाढली, सुट्ट्या आटल्या. कयाक पत्र्याच्या छपराखाली उलटी टांगली गेली. कप्तानाची बायको घरी शिवणकाम करते. तिच्या खुर्चीची वेताची बैठक फाटली, तेव्हा तात्पुरते म्हणून कोणीतरी मला दुमडून त्या भोकावर ठेवले. तात्पुरती ठेवलेली वस्तू किती वर्षे राहते, हे ज्यांच्या घरात मोडकी खुर्ची आहे त्यांना विचारा. बाई अंगाने काही जड नाही. पण ती सकाळी बसे ती दिवेलागणीलाच उठे. गणवेश, पिशव्या, पडदे, सगळे तिने माझ्यावर बसून शिवले, आणि माझ्यातली हवा कणाकणाने जात राहिली.

कप्तान निवृत्त झाला आणि घरात नुसता फिरू लागला. डबे उघडून बघायचा, चालणारा पंखा उतरवून पुसायचा. मेहुण्याला ते बघवेना. एका रविवारी तो किनाऱ्याचा नकाशा घेऊन आला आणि त्याने तो बाईच्या कापड बेतायच्या टेबलावर पसरला. उबदार किनाऱ्याने एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत जायचे, मुक्काम करायचा, गळ टाकत पुढे सरकायचे, असा त्याचा बेत होता. कप्तानाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. बाईचा खडू उचलून त्याने नकाशावर खुणा करायला सुरुवात केली. खडू कापडासाठी आहे, असे बाई म्हणाली, पण हसत म्हणाली.

बेत हुशारीचा होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्याच्या पाठबळावर बाहेर जायचे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो पाठीशी घेऊन परतायचे. दोन्ही वेळा वारा आपला नोकर, असे कप्तान म्हणाला.

पण मित्रांनो, एक वारा पडतो आणि दुसरा सुटतो, यांच्या मधली वेळ मी पाहिली आहे. तेव्हा पाणी तेलासारखे निश्चल होते. ऊन वरून लागते आणि पाण्यावरून उलटून खालूनही लागते. किनारा दिसतो, पण तिथून हाक ऐकू येत नाही. तो तास नकाशावर कुठेच नव्हता.

बेत ठरत असतानाच्या एका दुपारी बाई बाजारात गेली होती. कप्तान वाकून टेबलाखालची गळाची पेटी ओढत होता. तो उठला आणि त्याचे डोळे कुठेच बघेनासे झाले. हात यंत्राकडे गेला, निसटला, आणि तो गुडघ्यांवर कोसळला. त्याचा गाल माझ्यावर येऊन पडला. श्वास चालू होता, पण माणूस आत नव्हता. थोड्या वेळाने तो परत आला. त्याने चेहरा पुसला, मला नीट केले, घसरलेला कपडा पुन्हा सुईखाली ठेवला. दारात बाई कापडाचे गाठोडे धरून उभी होती. त्याने वळण्याआधीच ती मागे सरली, आणि चपला वाजवत पुन्हा आत आली.

त्यानंतर कप्तान डॉक्टरकडे जाऊन आला. घरी म्हणाला, पाणी जास्त प्यायला सांगितलंय. त्या दिवसापासून त्याने स्कूटर चालवणे सोडले. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून बस बरी, असे तो सांगू लागला. स्कूटरच्या सीटवर धूळ साचली. बाई ती रोज पुसायची. ती माझ्यावर बसून कयाकसाठी उन्हाचे छत शिवत होती. तिचा पाय यंत्राच्या पायडलवर थांबत असे, मग सुरू होत असे, मग पुन्हा थांबत असे. त्याला पुन्हा एकदा भोवळ आली, न्हाणीघरात. आत बादली पालथी झाल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन तो म्हणाला, साबण सांडला होता.

आणि रविवारी नकाशा पुन्हा पसरला जाई. तुम्हीच सांगा, हसत्या माणसाच्या हातातून खडू कोण काढून घेईल?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मेहुणा सामान गोळा करत होता. वल्ही झाली, नांगर झाला, मग त्याने खुर्चीकडे पाहिले.

“ऊठ ताई,” तो म्हणाला. “भाऊजींचा जीव दडपून बसली आहेस.”

बाई उठली, पण तिने मला सोडले नाही. माझा एक पट्टा तिच्या मुठीत होता. “आधी पाण्यात टाकून बघा,” ती म्हणाली.

“अगं, फोम आहे तो. फोम कधी बुडतो का?”

“बघायला काय जातंय?”

अंगणात पाण्याचे पिंप होते. बाईने आपली जुनी लोखंडी इस्त्री आणली. वजन बरोबर आहे, माणसाला एवढाच आधार पुरतो, असे म्हणत कप्तानानेच ती माझ्या पट्ट्यांना बांधली. त्याची बोटे सराईत होती, पण गाठ त्याला दोनदा मारावी लागली. मग त्याने मला पाण्यात सोडले.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. क्षणभर माझे खांदे वर राहिले. मग पाणी कडेवरून आत आले आणि मी सावकाश खाली जाऊ लागले. पिंपाच्या तळाशी टेकले तेव्हा वर तीन चेहरे वाकलेले दिसत होते, आणि त्यांतला एकही हलत नव्हता.

मला बाहेर काढले. पाणी निथळत होते. मेहुणा म्हणाला, बरं झालं आजच कळलं, शेजाऱ्याकडे नवंकोरं जॅकेट आहे, आत्ता घेऊन येतो. बाईने नवऱ्याकडे न बघता, फार हळू आवाजात म्हटले, “कशाला लोकांच्या वस्तू मागायच्या? या वर्षी राहू दे. जॅकेट खराब निघालं, एवढं सांगितलं की झालं.”

तिने त्याच्यासाठी दार किलकिले करून ठेवले होते. सगळा दोष मी घेतला असता, आणि आनंदाने घेतला असता. पण दोष माझ्यावर टाकला तर नवे जॅकेट आले की बेत पुन्हा उभा राहणार होता, आणि पुढे तो मेहुणाच बसणार होता, मागे न बघता वल्ही मारत. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात जीव वाचवणारी जी वस्तू असेल, तिला दाबून ठेवू नका. अधूनमधून पाण्यात टाकून बघा. न बोललेल्या गोष्टीलाही हाच नियम लागू आहे. ती वरून धडधाकट दिसते, म्हणून तिच्या भरवशावर समुद्रात उतरू नका.

मेहुणा फाटकाशी पोहोचला होता. कप्तानाने माझे पट्टे सोडून इस्त्री बाजूला ठेवली आणि पिंपाचा काठ घट्ट धरला.

“थांब रे,” तो म्हणाला. “जॅकेट आणू नकोस. मला भोवळ येते, शुद्ध जाते माझी. दोनदा गेली आहे. हिला माहीत आहे, आणि हिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मी येणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही.”