पाळी संपवायच्या आधी

"सांगतो, पण तुमाले पटनार नाई. कोनालेच पटत नाई," बापूराव म्हणाला आणि माहूत हत्तीच्या मस्तकावर ठेवतो तसा त्यानं माउसवर हात ठेवला. "या एका बोटानं मी अर्धी पृथ्वी वसवली. वाघ नांगराले जुंपले. समुद्रापल्याडच्या एका राजाले टोपलीभर सुकट देऊन त्याच्याकडून बारूद बनवाची विद्या घेतली. आन् हे सगळं या खुर्चीत बसून, कपातला चहा थंडा होऊ न देता."

"बाकी सगळं पटलं भाऊ. चहाचं नाई पटत," पोचू म्हणाला.

पोचूचा ऑटो बाहेर रस्त्याकडेला उभा होता. चंद्रपूरची बस राजुऱ्यात आल्याशिवाय सवारी मिळत नाही, आणि बस काही वेळेवर येत नाही. तेवढ्या वेळात त्याला राज्य वसवायचा खेळ शिकायचा होता. बापूरावाच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास होता. पोरगा राजदीप, त्यानं तो सुरू केला. पाटीवर नाव अजून त्याचंच होतं. आता पोरगी रिना तो चालवायची. एका मशीनवर दामिनी टायपिंग शिकत होती, दुसऱ्यावर पोचू बसला होता आणि खिडकीजवळच्या जुन्या मशीनवर बापूराव. त्या मशीनला दुसरं कोणी हात लावत नसे. आतल्या दाराच्या उंबऱ्यावर बापूरावाची बायको ठमाबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिच्या डोळ्यांत आता नुसता उजेड यायचा, आकार येत नव्हते. खडा कुठला नि डाळ कुठली, हे बोटंच ठरवायची.

"सुरुवात कशी कराची ते सांगा भाऊ," पोचू म्हणाला. "काल मी माझी लोकं घेऊन चांगली जागा पाहत फिरलो. फिरता फिरता अस्वलानं खाऊन टाकलं."

"खाईनच ना! अबे, पहिल्याच पाळीत गाव बसवाचं. फिरत नाई बसाचं. आपल्या चांद्याच्या राजानं काय केलं? ससा कुत्र्याच्या मागं लागलेला पाह्यला, आन् तठीच गावाभवती परकोट घातला. तो जर म्हनला असता, थांबा बाप्पा, याहून मोठा ससा पाहू, तर आज चांदा नसतं आन् तू जंगलात रोही-सांबरं बसवून ऑटो चालवला असता."

दामिनीची टकटक थांबली. हसू आलं की तिला टायपिंग जमत नसे.

"पानी पाहाचं," बापूरावाचं चालूच होतं. "नदी नसंन तर तलाव. पहिले धान्याचं कोठार, मंग महाल. लोकं काय करतात, घरात दाना नाई आन् मोठे मोठे मनोरे बांधाले घेतात. मी बी घेतला होता. पिढ्यान्पिढ्या बांधला. अखेरचा दगड उचलला, आन् बाजूच्या राजानं तोच मनोरा बांधून मोकळा! मंग मी काय केलं? त्याच्या मनोऱ्यावर आपल्या मिरच्या वाळू घातल्या."

"त्यानं घालू देल्ल्या?"

"त्याची बायको मूल गावची होती. आपल्याच इकडची."

"भाऊ!"

"हास तू. आन् गाव कितीबी लहान असो, एक शिपाई दारात ठेवाचा. मी एकदा नाई ठेवला. चोर आले, आख्खं गाव मुळासकट उपटलं आन् बैलबंडीत घालून घेऊन गेले. मी येऊन पाह्यतो तर जमिनीवर नुसता गोल. मधात एक कोंबडी. ते बी माही नाई."

रिना आतून चहा घेऊन आली. तिनं बापाकडे पाहिलं. बाप असा रंगात आला की तिला बरं वाटायचं आणि मग लगेच वाईटही वाटायचं.

"आन् हा अंधार?" पोचूनं पडद्याकडे बोट केलं. "माझ्या गावाच्या चारी बाजूनं काळंच काळं हाय."

बापूरावाचा हात माउसवर थांबला.

"काळ्यात एक मानूस पाठवाचा," तो म्हणाला. "घोड्यावर. तो जाईन तेवढा उजेड होते. पुढं काय हाय, ते तो गेल्याशिवाय नाई समजत."

सुपातली सळसळ बंद झाली.

"अवो," ठमाबाईनं हाक दिली, "त्या घोडेवाल्याचं काय झालं? काल तो नदीपावतर आला होता."

"आला होता ना. आज सांगतो. चहा घेऊ दे."

बापूरावानं कप उचलला. खरं तर घोडेवाला नदीपर्यंत आला नव्हता. जंगलातून गेला नव्हता, दोन डोंगरांच्या खिंडीत त्याला हरणांचा कळप भेटला नव्हता, आणि कुण्या आंधळ्या राजानं त्याला आपल्या ताटात जेवायला बसवलं नव्हतं. राजदीपनं त्याला जिथं उभा केला होता, तिथंच तो उभा होता. काळोखाच्या अगदी काठावर. लुकलुकत.

बापूरावाची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली, पण कोळसा फोडण्यात नाही. तो बत्तीघरात होता. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याची बत्ती द्यायची, आणि पाळी सुटली की ती परत घ्यायची. भोंगा वाजला म्हणून पाळी संपली, हे बाकीच्यांसाठी. बत्तीघराची पाळी शेवटची बत्ती खुंटीला लागल्यावर संपायची. एखादी खुंटी रिकामी दिसली की बापूराव खिडकीतून हलत नसे. घरी भात गार होवो, नाहीतर पाहुणे येऊन परत जावोत.

राजदीपच्या रक्तात सिकलसेलचा आजार होता. सांधे धरले की पोरगा बाहेर जाऊ शकत नसे, मग या मशीनसमोर बसून राज्य करायचा. बाप शेजारी स्टूल घेऊन गरम फडक्यानं त्याचे गुडघे शेकायचा. अशाच एका दुपारी पोरानं त्याला खेळ समजावून दिला.

"सगळ्यांच्या चाली झाल्या की हे बटन दाबाचं, बाबा. एंड टर्न. टर्न म्हनजे पाळी. पाळी संपली."

बापूराव स्टुलावर ताठ झाला. "थांब बे! सगळे वर आले का?"

"कोन?"

"खाली गेलेले. हा घोडेवाला तिकडं अंधारात हाय ना? त्याची बत्ती जमा झाली का?"

राजदीप इतका हसला की त्याला ठसका लागला. पण त्या दिवसापासून त्या घरात खेळ तसाच चालला. बटण दाबायच्या आधी राजदीप ओरडायचा, "बत्तीघर?" बापूराव डोळे बारीक करून सारा नकाशा धुंडाळायचा, कोण उभं, कोण झोपलेलं, कोणाची चाल राहिली. मग म्हणायचा, "जमा!" की पोरगा बटण दाबायचा आणि मशीन सायकलच्या घंटीसारखी टण्णकन वाजायची. आत चुलीजवळून ठमाबाई विचारायची, "सुटली का पाळी? मंग या जेवाले, राजदीपचे बाबा."

शेवटच्या संध्याकाळी राजदीपनं घोडेवाला काळोखाच्या काठाशी आणला आणि एकदम छाती धरली. पोचूचाच ऑटो बोलावला होता. उठता उठता पोरानं खेळ सांभाळून ठेवला आणि म्हणाला, "याची एक चाल बाकी हाय, बाबा. आल्यावर करतो. हात नका लावू."

चंद्रपूरच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा राजदीप जिवंत नव्हता.

पुढे बुद्धविहारातले लोक येऊन गेले, नातेवाईक गेले, घर रिकामं झालं. तेव्हा ठमाबाईनं एका संध्याकाळी विचारलं होतं, "अवो, त्याच्या राज्याचं काय झालं?" तिच्या तोंडातून 'राजदीपचे बाबा' ही हाक तेव्हापासून गेली होती, नुसतं 'अवो' राहिलं होतं. बापूरावाला आयुष्यभर थापा मारताना कधी विचार करावा लागला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

"चाललं हाय," तो म्हणाला. "घोडेवाला पुढं गेला. जंगल लागलं."

तेव्हापासून घोडेवाला रोज थोडा पुढे जायचा. बापूराव मशीन लावायचा, राजदीपनं ठेवलेला खेळ उघडायचा, नकाशावरून बाण फिरवायचा, टिकटिक करायचा, बटणाला हात लावायचा नाही आणि सांगत राहायचा. ठमाबाई डाळ निवडत ऐकायची. कधी उलटून विचारायची नाही.

"बाबा," रिना आता हळूच म्हणाली, "मशीनचा आवाज आयकून राह्यले ना? आतून खरखर करते. उद्या चंद्रपूरचा मानूस येते. तो आतलं सगळं पुसनार, मंगच चालंन म्हनते. खेळ काढून ठेवाले फ्लॉपीबी घेत नाई हे आता. काही राह्यलं असंन तर आज करून घ्या."

बापूरावानं मान हलवली. पडद्यावर घोडेवाला लुकलुकत होता. खाली कोपऱ्यात ते बटण. एक चाल, मग एक बोट. घोडा एक घर पुढे जाईल, काळ्यातला एवढासा तुकडा हिरवा होईल, आणि राजदीपची पाळी संपेल. त्याच्यानंतरची पाळी राजदीपची नसेल.

नाही दाबलं, तर उद्या तो माणूस येऊन पुसून टाकेल.

"भाऊ, मी दाबू का?" पोचू खुर्ची सरकवून जवळ आला होता. "मले पाहाचं हाय, दाबल्यावर काय होते ते."

बापूरावानं त्याचं मनगट धरलं. एवढं घट्ट, की पोचूच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. पोचूनं पडद्याकडे पाहिलं, लुकलुकणाऱ्या घोड्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. त्या संध्याकाळी ऑटो त्यानंच चालवला होता. त्यानं हात मागे घेतला.

"आयका मंग," बापूराव मोठ्यानं म्हणाला. दाराकडे तोंड करून म्हणाला. "आजची गोष्ट कोनालेच पटनार नाई. घोडेवाला नदी उतरला. नदी कशी, तर आपली वर्धा तिच्यापुढं नाली. मगरींच्या पाठीवर पाय देत देत घोडा पार झाला. पल्याड पाह्यतो तर काय, समुद्र! आन् समुद्राच्या काठी बोर्ड लावलेला, 'पृथ्वी इथी संपली, मागं फिरा.'"

कोणी हसलं नाही. दामिनी तर बापूरावाच्या पडद्याच्या कोपऱ्यात, दर पाळीला पुढे सरकणाऱ्या खेळातल्या सालाकडे पाहत होती. ती या क्लासला लागली तेव्हा तिथं जे साल होतं, तेच आज होतं. तिनं मान खाली घातली आणि आपल्या कीबोर्डवरच्या अक्षरांकडे बघत बसली.

"मंग?" ठमाबाई म्हणाली.

"मंग काय? फिरला मागं. घोड्याले घराची वाट माहीत असते. त्या आंधळ्या राजाले भेटला, हरनं भेटली, सगळ्याईले जयभीम घालत घालत आला. हा पाह्य, पोचू, आला का नाई परकोटाच्या दारात?"

"आला ना भाऊ," पोचू म्हणाला.

"दारात सगळं गाव उभं. वाजंत्री. त्यानं डोक्याची बत्ती काढली आन् खुंटीले लावली. जमा!" बापूराव खाकरला. "सगळ्या खुंट्या भरल्या. एकबी रिकामी नाई. उद्या मशीन पुसली तरी काई हरकत नाई. हे पाह्य, दाबलं मी बटन. सुटली पाळी."

त्यानं माउसवर बोट दाबलं. टिक. बाण बटणापासून कितीतरी दूर, नकाशावरच्या मोकळ्या निळ्या पाण्यात होता. काळोखाच्या काठावर घोडेवाला लुकलुकत राहिला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. पोचू उठला नाही.

ठमाबाईनं सूप बाजूला ठेवलं. चौकट चाचपत ती उभी राहिली, पोरगा बसायचा त्या खुर्चीच्या पाठीवर तिनं हात टेकला, आणि फार दिवसांनी जुन्या हाकेनं नवऱ्याला हाक मारली.

"राजदीपचे बाबा, खोटं बोलून राह्यले तुमी. घंटी वाजली नाई. आज नाई, काल नाई, तो गेला तवापासून मी एकदाबी नाई आयकली. उभाच हाय ना तो अजून तठी?"